एअरबस ए३२० आणि ए३२०निओ यांच्यात नेमका फरक काय?

मुख्य फरक इंजिनांचा आहे. दोन्ही विमानांची लांबी ३७.५७ मीटर असून धडाची रचनाही जवळजवळ तीच आहे, आणि दोन्ही चालवण्यासाठी वैमानिकाला एकच प्रकारपात्रता (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची परवानगी, टाइप रेटिंग) पुरते. एअरबस आणि इंजिन-उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जुन्या ए३२०वरील सीएफएम५६ इंजिनाच्या पंख्याचा व्यास सुमारे १७३ सेंटीमीटर आहे, तर जानेवारी २०१६ मध्ये लुफ्थांझाकडून प्रवासी सेवेत आलेल्या निओवर सीएफएम लीप-१ए (१९८ सेंटीमीटर) किंवा प्रॅट अँड व्हिटनी पीडब्ल्यू११००जी (२०६ सेंटीमीटर) बसवतात. मोठा पंखा अधिक हवा तुलनेने कमी वेगाने मागे ढकलतो, त्यामुळे तेवढाच रेटा कमी इंधनात मिळतो आणि आवाजही घटतो. प्रॅटच्या इंजिनात पंखा आणि टर्बाइन यांच्यामध्ये गिअरपेटी असल्याने पंखा टर्बाइनच्या साधारण एक तृतीयांश वेगाने फिरतो व दोघेही आपापल्या सोयीच्या गतीने काम करतात. माझ्या मते या विमानातील सर्वांत सुंदर अभियांत्रिकी हीच आहे.

मात्र विमानाच्या पंखांच्या टोकांवरील शार्कलेट नावाच्या उभ्या, इंधन वाचवणाऱ्या पात्यांवरून निओ ओळखू नये, कारण २०१२ च्या अखेरीपासून बनलेल्या अनेक जुन्या ए३२०वरही ती आहेत. निओसाठी एअरबसने सुरुवातीला सांगितलेला इंधनबचतीचा १५ टक्के हा आकडाही शार्कलेट धरूनच दिलेला असल्याने अशा जुन्या विमानांच्या तुलनेत प्रत्यक्ष बचत त्याहून कमी भरते. खात्रीची खूण म्हणजे इंजिनाचा घेर.