वाचकांचे प्रश्न : टायमर तीन मिनिटे गप्प का बसतो?

प्रश्न : एका छोट्या नियंत्रक बोर्डासाठी आम्ही लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य भागाचा) टायमर ड्रायव्हर, म्हणजे टायमर हाताळणारा प्रोग्राम, लिहिला आहे. या टायमरमध्ये २४ मेगाहर्ट्झ वेगाने सतत वर मोजत जाणारा ३२ बिटांचा काउंटर आणि तुलनेचा आकडा ठेवणारे एक कंपेअर रजिस्टर आहे. दोन्हींतील आकडे जुळले की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा संकेत, येतो. एरवी सारे सुरळीत असते, परंतु दिवसातून एखाद्या वेळी संपूर्ण यंत्रणा जवळजवळ तीन मिनिटे थिजते आणि नंतर आपोआप पुन्हा चालू लागते. हार्डवेअर सदोष आहे असे समजावे का?

उत्तर : हार्डवेअरला दोष देण्यापूर्वी आपण स्वतःच दिलेल्या दोन आकड्यांचा भागाकार करून पाहावा. ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ ठोके मोजल्यावर पुन्हा शून्यावर येतो आणि सेकंदाला २,४०,००,००० ठोके या वेगाने त्याला १७८.९६ सेकंद लागतात, म्हणजे तीन मिनिटांना जेमतेम एक सेकंद कमी. याचा अर्थ आपला टायमर बंद पडलेला नसून, हुकलेला आकडा पुन्हा समोर येईपर्यंत तो एक पूर्ण फेरी मारून येत आहे.

हे कसे घडते ते पाहू. समजा, ड्रायव्हरने काउंटर वाचला तेव्हा तो १००० होता आणि कर्नलला पुढील घटना दोन मायक्रोसेकंदांनी, म्हणजे ४८ ठोक्यांनी हवी होती. ड्रायव्हरने बेरीज करून १०४८ हा आकडा कंपेअर रजिस्टरमध्ये लिहिला. मात्र वाचणे आणि लिहिणे यांच्या दरम्यान बस (प्रोसेसर आणि उपकरण यांना जोडणारा मार्ग) थोडी अडली आणि आकडा रजिस्टरमध्ये पोहोचेपर्यंत काउंटर १०६० वर गेला. हे हार्डवेअर ‘इतका किंवा याहून अधिक’ अशी तुलना करत नाही, फक्त समानता पाहते. त्यामुळे १०४८ पुन्हा येण्याची वाट पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. मागितलेली मुदत अगदी छोटी असणे आणि नेमक्या त्याच क्षणी विलंब होणे, हे दोन्ही एकत्र आले तरच दोष दिसतो, म्हणून तो दिवसातून एखाद्याच वेळी डोके वर काढतो.

उपाय असा की, कंपेअर रजिस्टरमध्ये आकडा लिहून झाल्यावर काउंटर पुन्हा एकदा वाचावा. लक्ष्य आकड्यातून काउंटर वजा करून येणारे उत्तर चिन्हांकित (धन किंवा ऋण असू शकणारी) ३२ बिटी संख्या म्हणून पाहावे आणि ते शून्य किंवा ऋण असल्यास ड्रायव्हरने ‘उणे ई-टाइम’ ही त्रुटी परत करावी. मुदत टळून गेली आहे हे त्यावरून कर्नलच्या गाभ्याला कळते आणि तो नव्याने प्रयत्न करतो. येथे साधी ‘लहान की मोठा’ अशी तुलना चालत नाही. लक्ष्य ५ आणि काउंटर ४२९४९६७२९० असेल तर साधी तुलना लक्ष्य केव्हाच मागे पडले असे सांगेल. चिन्हांकित वजाबाकी मात्र ११ ठोके शिल्लक असल्याचे अचूक दाखवते. याच कारणासाठी कर्नलकडे टायमरची नोंदणी करताना कमाल मुदत ३१ बिटांच्या आत, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे ८९ सेकंदांपर्यंतच ठेवावी.

ही अडचण केवळ आपल्या बोर्डाची नाही. पीसीवरील एचपीईटी या अचूक हार्डवेअर टायमरचा कंपेअरही समानतेवरच चालतो आणि तेथे लिहिलेला आकडा प्रत्यक्ष लागू होण्यास काही वेळा उशीर होतो, म्हणून लिनक्समध्ये लिहून झाल्यावर १२८ पेक्षा कमी ठोके उरले असतील तर तो प्रयत्न फसला असेच धरले जाते. १४.३१८ मेगाहर्ट्झच्या एचपीईटीवर हे अंतर सुमारे नऊ मायक्रोसेकंदांचे होते. आपल्या टायमरसाठी किती अंतर राखावे, हे त्याच्या माहितीपत्रकावरून आणि बोर्डावर प्रत्यक्ष मोजून ठरवावे. दुसऱ्या ड्रायव्हरमधला आकडा जसाच्या तसा उचलू नये.

आणखी एक सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. चाचणीच्या वेळी काउंटरचे सुरुवातीचे मूल्य मुद्दाम कमाल आकड्याच्या जवळ ठेवावे. लिनक्समधील ‘जिफीज’ हा टिक (कर्नलच्या घड्याळाचे ठोके) मोजणारा गणक यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच ३२ बिटांची हद्द ओलांडेल अशा आकड्यापासून मोजू लागतो. तसे नसते तर सेकंदाला १००० टिक असलेल्या यंत्रावर हे उल्लंघन ४९.७ दिवसांनी झाले असते आणि तोपर्यंत सदोष ड्रायव्हर वापरणाऱ्यांच्या हाती पोहोचलेला असता.

प्रश्न : आमचा ड्रायव्हर दर १०० मिलिसेकंदांनी उपकरणाची स्थिती तपासतो. टायमरचा कॉलबॅक (मुदत संपताच चालणारे फंक्शन) वर्कक्यूमध्ये, म्हणजे कर्नल नंतर करायच्या कामांच्या रांगेत, काम टाकतो आणि ते काम संपताना टायमर पुन्हा लावते. ड्रायव्हरचे मॉड्यूल कर्नलमधून काढताना आम्ही आधी टायमर आणि मग काम रद्द करून मेमरी मोकळी करतो, तरीही क्वचित कर्नल पॅनिक होतो, म्हणजे संपूर्ण यंत्रणा कोसळते.

उत्तर : येथे टायमर आणि काम एकमेकांना पुन्हा जिवंत करतात. आपण टायमर रद्द केला त्या क्षणी काम चालू असेल, तर ते संपता संपता टायमर पुन्हा लावते. आपण काम संपण्याची वाट पाहून मेमरी मोकळी करता आणि १०० मिलिसेकंदांनी टायमर त्याच मोकळ्या झालेल्या मेमरीवर धावून जातो. क्रम उलटा केला तरी धोका टळत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीपासून ‘टायमर_शटडाउन_सिंक’ उपलब्ध आहे. ते चालू असलेला कॉलबॅक पूर्ण होऊ देते आणि त्यानंतर कोणी टायमर पुन्हा लावू पाहिला तरी तो लागत नाही. ते आधी, मग काम रद्द करणे आणि शेवटी मेमरी मोकळी करणे, असा क्रम ठेवावा. कॉलबॅक जो लॉक (एका वेळी एकालाच प्रवेश देणारे कुलूप) मागतो तो लॉक धरून हे फंक्शन कधीही बोलावू नये, कारण आपण कॉलबॅक संपण्याची वाट पाहत बसाल आणि कॉलबॅक लॉक सुटण्याची. खरे तर आपल्या गरजेसाठी स्वतंत्र टायमर हवाच कशाला? ‘डिलेड वर्क’ (ठरावीक वेळाने चालणारे वर्कक्यूतील काम) वापरल्यास ‘कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक’ हे एकच फंक्शन स्वतःला पुन्हा लावणारे कामही नीट थांबवते. मी तोच मार्ग निवडेन.

प्रश्न : प्रत्येक घटनेला इंटरप्ट हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारे फंक्शन) दोनदा चालतो आणि दुसऱ्या वेळी स्थितीदर्शक बिट कोरा असतो. असे का?

उत्तर : आपण बिट पुसण्यासाठी केलेले लेखन बसवरील बफरमध्ये अडकलेले असताना हँडलर संपत असावा. इंटरप्टची रेषा तोवर चढलेलीच असते, म्हणून प्रोसेसर पुन्हा आत येतो. बिट हँडलरच्या शेवटी न पुसता सुरुवातीला पुसावा, म्हणजे मधल्या काळात आलेली नवी घटना त्यासोबत पुसली जाणार नाही. आणि लगेच तेच रजिस्टर एकदा वाचावे, म्हणजे अडकलेले लेखन उपकरणापर्यंत पोहोचते. बिट कोरा दिसल्यास ‘आयआरक्यू_नन’, म्हणजे ‘हा इंटरप्ट माझा नाही’, हेच उत्तर द्यावे. कर्नल ती रेषा बंद करतो ते एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक कोणीच हाताळले नाहीत तेव्हा, त्यामुळे अधूनमधून असे उत्तर गेल्याने काही बिघडत नाही.