साडेएक, दीड आणि औट

‘सातवीतला मुलगा १.५ लिटरला “साडेएक लिटर” म्हणतो आणि २.५ किलोला “साडेदोन किलो”. साडेतीन चालतं, मग साडेदोन का नाही? आणि विज्ञानाच्या वहीतली मापं मराठीत वाचायची कशी?’ असं एका आईनं विचारलं आहे.

चालत नाही, कारण त्या जागा आधीच भरलेल्या आहेत. परवा दूधवाल्याकडे मिसरूड फुटलेला एक मुलगा ‘साडेएक लिटर द्या’ म्हणाला. काकांनी लिटरचं माप ओतलं, मग अर्ध्या लिटरचं, आणि हूं की चूं केलं नाही. मलाच कसंनुसं झालं.

‘साडे’ म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. त्यात फारशी मौज नाही. मौज आहे अडीचमध्ये. अडीच आला ‘अर्धतृतीय’वरून, प्राकृतात ‘अड्ढाइज्ज’: तिसरा अर्धा. दोन मापं काठोकाठ भरली, तिसरं निम्म्यावर थांबलं, की झाले अडीच. दीडही त्याच घडणीचा, प्राकृत ‘दिवड्ढ’: पहिलं भरलं, दुसरं अर्धं. भरून झालेल्यांचा हिशेब नाही, हातातलं माप कितवं आणि ते कुठवर आलंय एवढंच सांगायचं. हे शब्द खळ्यावर धान्य मापणाऱ्याच्याच तोंडून निघाले असणार, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका. जर्मन माणूस दीड वाजले की ‘हाल्ब त्स्वाय’ म्हणतो, म्हणजे ‘अर्धे दोन’. त्याचंही डोकं असंच चालतं.

आणि हे शब्द जुने किती? मध्य प्रदेशातल्या रूपनाथच्या लघुशिलालेखात सम्राट अशोक सांगतो की उपासक होऊन आपल्याला ‘अढतियानि’ वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याच लेखात पुढे, हे कार्य ‘दियढिय’ वाढेल, म्हणजे दीडपट. दगडात कोरलेले अडीच आणि दीड, एकाच लेखात! सव्वादोन हजार वर्षं टिकलेले हे शब्द आपण ‘साडेएक’साठी टाकून द्यायचे?

‘दीड म्हणजे दोनातून अर्धा वजा’ असं शिकवणारे पंडित आहेत. उत्तर बरोबर येतं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. वजा करायचं असेल तेव्हा आपली भाषा ‘ऊन’ लावते: पादोनचा पाऊण, एकोनविंशतीचा एकोणीस. अर्धतृतीयात ‘ऊन’ दाखवा, मग बोलू.

याच कुळातला तिसरा भाऊ म्हणजे औट. ‘अर्धचतुर्थ’, प्राकृत ‘अद्धुट्ठ’, म्हणजे साडेतीन. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर औटकीही घोकून घेत. ‘औट घटकेचा राजा’ यातला औट तो हाच. घटका २४ मिनिटांची, म्हणजे राजेसाहेब ८४ मिनिटं गादीवर. त्याला ‘आउट घटकेचा’ म्हणणारे आणि ‘घटका भरली की राजा आउट’ असा अर्थ सांगणारे मी स्वतः ऐकलेत. औट हात देह म्हणतात तोही असाच. १८ इंचांचा हात धरला तर साडेतीन हातांचे १६० सेंटिमीटर होतात. म्हणजे साडेतीनलासुद्धा स्वतःचा शब्द होता. आपण तो वापरला नाही आणि ‘साडे’नं ती जागा बळकावली. १९५७ साली नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-लिटर आले, औटकीची कुणाला गरज उरली नाही. अडीचचंही तसंच व्हायला नको, म्हणून ही कटकट.

हां, वहीचं राहिलंच. तिथे ‘दोन पूर्णांक पाच दशांश सेंटिमीटर’ असंच वाचू द्या, अडीच नको. विज्ञानात २.५ आणि २.५० एक नव्हेत. २.५० लिहिलं की मिलिमीटरच्याही दहाव्या भागापर्यंत मोजल्याचा दावा होतो, आणि कंपासपेटीतल्या पट्टीला तो झेपत नाही. अडीच म्हटलं तर यातलं नेमकं कुठलं, ते कळायला मार्ग नाही. तेवढी एक सवलत. दूध आणायला पाठवाल तेव्हा मात्र दीडच.