ओक्स : फक्त फिलींची शर्यत

प्रश्न : मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या ‘इंडियन ओक्स’ या घोड्यांच्या शर्यतीचं मूळ इंग्लंडात आहे ना? ती तिथल्या डर्बी शर्यतीपेक्षा जुनी आहे का? नर घोडे त्यात का नसतात?

उत्तर : मूळ इंग्लंडातलंच, आणि डर्बीहून एक वर्षाने जुनं. १७७९ साली लंडनजवळच्या एप्सम रेसकोर्सवर लॉर्ड डर्बी यांनी ही शर्यत सुरू केली. नाव पडलं ते एप्समजवळच्याच त्यांच्या ‘द ओक्स’ या घरावरून. पहिली शर्यत जिंकली त्यांचीच घोडी ब्रिजेट. अंतर पहिल्यापासून दीड मैल, म्हणजे साधारण २४०० मीटर. डर्बी मात्र सुरुवातीला एक मैलाचीच होती.

ओक्समध्ये फक्त तीन वर्षांच्या फिली, म्हणजे तरुण घोड्या, धावतात (आपल्याकडे चार वर्षांच्या). या वयात नर सहसा जास्त ताकदवान असतो. म्हणूनच, नरही धावतात त्या डर्बीत उतरणाऱ्या फिलीला तीन पौंड वजनाची सवलत मिळते, म्हणजे पाठीवर तेवढं कमी वजन. तरीही १८०१ मध्ये एलेनॉर या फिलीने दोन्ही शर्यती जिंकल्या. हा पराक्रम विसरू नये!

एप्सम फसवं मैदान आहे. पहिला अर्धा मैल चढ, मग टॅटनहॅम कॉर्नर या वळणापर्यंत उतार, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीन आतल्या रेलिंगकडे कललेली. चढावर लगाम ओढत जोर खर्च करणारी फिली शेवटी थकते, पाय अडखळतात आणि ती रेलिंगकडे सरकते. चांगला जॉकी तिला आधी शांत ठेवतो, उतारावर तोल सांभाळतो आणि मगच मोकळी सोडतो. २०२१ मध्ये स्नोफॉल ही फिली ओक्स तब्बल सोळा लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर) जिंकली होती.