एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) नवीन कोच आणला की टीम एका ऑफसीझनमध्ये (दोन सीझनच्या मधल्या काळात) सुधारते का?

नाही हो, वेळ लागतोच. डेट्रॉइट लायन्सचंच बघा ना, 2021 ला डॅन कॅम्पबेल हेड कोच आणि ब्रॅड होम्स जनरल मॅनेजर म्हणून आले अन 12 सीझन खेळलेला क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्स टीमला देऊन त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि ड्राफ्टमधले, म्हणजे नवीन खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमधले, दोन फर्स्ट राउंड पिक आणि एक थर्ड राउंड पिक घेतला. पहिल्या सीझनला फक्त 3 मॅच जिंकल्या, 13 हरले! पण त्या वर्षीचा ड्राफ्ट एक नंबर केला होता, आधी पेनेई सूएल घेऊन क्वार्टरबॅकला वाचवणारी लाइन पक्की केली आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे बॉल झेलणारा अमॉन-रा सेंट ब्राउन चक्क चौथ्या राउंडला मिळाला. कोचला काढलं नाही हे महत्त्वाचं, 2023 ला 12-5 करून थेट एनएफसी (एनएफएलच्या दोन गटांपैकी एक) फायनल खेळले.