तळ्याकाठची बंद खोली

प्रश्न : यशवंतसागरच्या काठावरची आमची खोली दिवाळीपासून बंद आहे. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आटोपली की राहायला जायचंय. टाकी ५०० लिटरची. आधी काय करावं? (इंदूर)

उत्तर : आधी टाकी. गाळ काढून, घासून भरा. ७५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळच टाकीत ओता. नाहीतर नळ तुंबतात. पाकीट सीलबंदच घ्या, उघड्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. वास येईपर्यंत प्रत्येक नळ सोडा, मग रात्रभर तसंच ठेवा. सकाळी टाकी रिकामी करून पुन्हा भरा. ते पाणी तळ्यात मात्र सोडू नका, मासे मरतील. आणि हो, दार उघडण्याआधी वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, बघा.