किटलीतली मॅगी

प्रिय,

स्कॉटलंडमधल्या प्लॉक्टन गावातल्या बेड अँड ब्रेकफास्टचं बुकिंग झालं, हे बरं झालं. पण तुझे आजवरचे सगळे मुक्काम हॉटेलांतले, म्हणून लिहितोय.

बेड अँड ब्रेकफास्ट म्हणजे स्वस्तातलं हॉटेल नव्हे. ते कुणाचं तरी राहतं घर असतं. रिसेप्शन नाही, दाराशी चिखलाचे बूट, आणि भिंतीपलीकडे घरचीच माणसं झोपलेली. पोहोचायची वेळ आधी कळव आणि गाडी चुकली तर लगेच फोन कर. तू येईपर्यंत घरची मालकीण घर सोडून कुठं जात नाही; फक्त बोलून दाखवत नाही.

इन्व्हर्नेसहून काइलची गाडी घेशील तेव्हा उजव्या हाताची खिडकी धर. स्ट्रॅथकॅरन स्टेशननंतर रूळ लॉख कॅरन या खाडीच्या काठानंच जातात. ही रेल्वे १८७० मध्ये स्ट्रोमफेरीपर्यंत आली. पुढचे दहा-अकरा मैल खडक फोडत काइल गाठायला १८९७ उजाडलं. रविवारी गाड्या फार कमी, तेव्हा परतीचा दिवस बघून ठरव. प्लॉक्टनला खाडीकाठी माडासारखी झाडं दिसतील. कोकणातल्या माणसाला क्षणभर चकवतात, पण ती न्यूझीलंडची कॅबेज पाम. पश्चिमेकडून येणाऱ्या उबदार सागरी प्रवाहामुळं तिथं तग धरतात.

आता माझा पराक्रम. ॲबरडीनला नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. अशाच एका गावात रात्री नऊला पोहोचलो. पबचं स्वयंपाकघर बंद झालेलं. खोलीत चहाची किटली होती, बॅगेत मॅगी होती. पुढचं तुला कळलंच. मसाला किटलीच्या कॉइलला चिकटला, दोनदा धुऊनही वास जाईना. सकाळी न्याहारीवरून परत आलो तर ट्रेवर दुसरी किटली, आणि शेजारी एक बाउल नि काटा. बाई एक शब्द बोलली नाही. एखादा शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं! म्हणून सांगतो, संध्याकाळचं जेवण कुठं आणि किती वाजेपर्यंत मिळतं, हे दुपारीच विचारून घे. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, त्यात भुकेची वेळ निघून जाते.

न्याहारीसाठी बऱ्याच घरी आदल्या रात्री कागद भरून द्यायचा असतो. तू शाकाहारी आहेस ते बुकिंगच्या वेळीच सांग. सकाळी टेबलावर सांगितलंस तर बिचारीच्या हातात अंडं आणि टोस्टच उरतो. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्त घालून केलेलं सॉसेज, हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज-फुफ्फुस आणि ओट्स. हॅगिस शाकाहारीही मिळतं आणि चांगलं लागतं, मिरी सढळ असते. टॅटी स्कोन मात्र सोडू नकोस, बटाट्याची जाडसर पोळीच ती. पॉरिजमध्ये, म्हणजे ओट्सच्या लापशीत, जुनी माणसं मीठ घालतात. साखर घेतलीस तरी कुणी हाकलत नाही. टोस्ट उभ्या रॅकमध्ये येतो आणि दोन मिनिटांत गार होतो. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

मालकीण चहाबरोबर गप्पा मारायला थांबली तर फोन खाली ठेव. आज कुठली पायवाट कोरडी आहे, सील कुठल्या खडकावर येतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं. वारा पडला असेल तर काठावर उगाच रेंगाळू नकोस. मिज नावाची बारीक चिलटं उन्हाळ्यात असं फोडून काढतात की डास बरे वाटतात. वारा असला की ती उडतच नाहीत. मे ते सप्टेंबर त्यांचा हंगाम, म्हणजे तुझा मुक्काम नेमका त्यातच. डोक्यावरून घ्यायची जाळी तिथल्या दुकानात मिळते, लाजू नकोस, घे.

निघायच्या दिवशी खोली कधी रिकामी करायची, ते आदल्या रात्रीच विचार. गाडी दुपारची असेल तर बॅग खाली ठेवायला बहुतेक कुणी नाही म्हणत नाही. किल्ली मात्र खिशात घालून इन्व्हर्नेसला नेऊ नकोस. ती परत टपालानं पाठवायचाही मला अनुभव आहे.

तुझा,
काका