अकेलाबाईंना विचारा : शनिवारी चार वाजता काय घ्यायचं?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. मुलीच्या शाळेत यंदा कब-बुलबुलचं, म्हणजे लहान मुलामुलींच्या स्काउट-गाइडचं, पथक सुरू झालं. दोनच महिन्यांत ते घेणाऱ्या बाई शाळा सोडून गेल्या. पालकसभेत मी ‘मला मुलांची आवड आहे’ असं बोलून बसले होते, त्यामुळे पथक माझ्या गळ्यात पडलं. दर शनिवारी चार ते साडेपाच. २२ मुलं, वयं ७ ते १०, त्यात ९ मुली. जागा म्हणजे छोटंसं पटांगण आणि एक वर्ग. पहिल्या शनिवारी मी लॅपटॉपवर चित्रं दाखवत स्काउटिंगचा इतिहास सांगितला. दहाव्या मिनिटाला दोघांची मारामारी झाली, विसाव्या मिनिटाला एक जण चक्क झोपला. दुसऱ्या शनिवारी नुसते खेळ घेतले, तर एका आईचा निरोप आला, ‘पण शिकवता काय तुम्ही?’ शिवाय शाळेला फेब्रुवारीच्या आत एक सहल हवी आहे. पैसे जवळजवळ नाहीतच. सुरुवात कुठून करू?
— एक आई, ऐरोली

उत्तर : झोपला तो शहाणा. मीही पहिल्या वर्षी इतिहासावर ४० मिनिटं बोलले होते, तेही फळ्यावर सनावळी लिहून. तुमच्याकडे लॅपटॉप होता, माझ्याकडे खडू, एवढाच काय तो फरक. पुढे ठाण्यातल्या एका शाळेत मी २६ वर्षं पथक चालवलं. कबच्या प्रमुखाला मुलं ‘अकेला’ म्हणतात. मोगलीच्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या म्होरक्याचं ते नाव. आमच्याकडे त्याचं ‘अकेलाबाई’ झालं आणि आमचे हे येईल त्या पाहुण्याला सांगत राहिले, ‘घरात सात माणसं, तरी ही अकेला!’

तो इतिहास पाच मिनिटांत उरकता येतो. १९०७ साली बेडन-पॉवेल नावाच्या माणसाने इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर २० मुलांना तंबूत राहायला नेलं. त्यांना बोलवायला तो कुडू हरणाचं पिळापिळाचं शिंग फुंकायचा. बस, इथेच थांबा आणि विचारा : आपल्याकडे शिंग नाही, मग बाईंनी घसा न फोडता २२ जणांना कसं बोलवायचं? कोणी मुठीचा भोंगा करेल, कोणी शिट्टी म्हणेल, कोणी बाकं बडवून दाखवेल. मुलं ठरवतील ती तुमच्या पथकाची हाक. आमच्या पथकाने कढईवर उलथनं वाजवायचं ठरवलं. का, ते विचारू नका. पण त्या आवाजाने सव्वीस वर्षं पोरं धावत येऊन गोलात उभी राहिली.

आता दीड तासाचं. झेंडा, प्रार्थना, ग्रँड हाऊल (कबनी एकत्र ओरडून अकेलाला द्यायची सलामी) यात पहिली दहा मिनिटं जातात, ती जाऊ द्या. मुलांना तो दंगा मनापासून आवडतो. मग सिक्स, म्हणजे सहा-सहा जणांचे गट, पाडा. २२ मुलं म्हणजे दोन गट सहांचे, दोन पाचांचे. प्रत्येक गटाला रंगाचं नाव द्या आणि सिक्सर, म्हणजे गटाचा म्होरक्या, दर महिन्याला बदला, नाहीतर एकच दांडगट मूल वर्षभर राज्य करतं. कुठलीही गोष्ट बारा-पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. एक धावायची, एक बसायची, पुन्हा धावायची. आणि खेळ रंगात आला की थांबवा. ‘बाई, अजून एकदाच!’ असा गलका झाला की शिट्टी मारायची. मला हे कळायला चार वर्षं लागली. तोवर मी प्रत्येक खेळ पार चोथा होईस्तोवर चालवायची आणि मुलं का कमी होतात म्हणून पालकांना चिठ्ठ्या पाठवायची.

बसायच्या खेळांत किमचा खेळ पहिला. पद्धत जुनी आहे : ताटात २४ वस्तू मांडायच्या, एक मिनिट पाहू द्यायच्या, वर फडकं टाकायचं, आठवतील तेवढ्या सांगायच्या. तुमच्या सात वर्षांच्यांना २४ झेपणार नाहीत, १२ पासून सुरू करा. वस्तू घरातल्याच घ्या : किल्ली, लसूण, बटण, लोकलचं जुनं तिकीट, चिंचोका. दुसऱ्या फेरीत एक वस्तू गुपचूप काढून घ्या. तिसरी फेरी नाकाची. काड्यापेटीच्या रिकाम्या खोक्यांत हिंग, सुंठ, मेथी, कापूर, कढीपत्ता ठेवायचा आणि डोळे बांधून ओळखायला सांगायचं. माझ्या पथकातल्या एका मुलाने हिंग हुंगून ठामपणे सांगितलं होतं, ‘आजी!’ मी त्याला पूर्ण गुण दिले.

मग मुलांना सांगा, घरी जाऊन दहा वस्तूंचं ताट आजोबांपुढे मांडा आणि त्यांचे किती बरोबर येतात ते लिहून आणा. ‘शिकवता काय’ विचारणाऱ्या आईचं उत्तर यात आहे. दर शनिवारी मुलाने घरी नेऊन दाखवावी अशी एक गोष्ट असली, की असले निरोप बंद होतात.

धावायच्या खेळांत माझा आवडता खेळ मी स्वतःच बसवलेला आहे, त्यामुळे जरा कौतुक सहन करा. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४ आणि ते ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध, सुलतान. तीन आणि चौदा म्हणजे सतरा मुलं. तुमच्याकडे पाच उरतात : दोन सिग्नलवाले, एकाकडे लाल आणि एकाकडे हिरवा रुमाल, दोघांनी हात आडवे करून फाटक व्हायचं, एक गार्ड. सतरा जणांनी आपापले स्कार्फ गळ्यातून काढून टोकाला टोक बांधून लांब दोर करायचा. स्कार्फ नसतील तर घरच्या जुन्या ओढण्या चालतील. गाठ रीफ नॉट : उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर. डब्यांनी डोळे मिटून दोर धरायचा, इंजिनांनी गाडी पटांगणभर फिरवायची, बोलायचं कोणीच नाही. दोराला एक हिसका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब.

पहिल्या फेरीत अपघात होतोच. कोणीतरी दोन्ही वेळा उजवाच वर घेतलेला असतो. ती गाठ फाटकापाशी सुटते आणि सहा-सात डबे डोळे मिटून मागेच उभे राहतात. आपली गाडी कधीच गेली हे त्यांना माहीतही नसतं. तो क्षण येऊ द्या. आधी गाठी तपासत फिरू नका. रीफ नॉट मी वर्गात फळ्यावर काढून तीन आठवडे शिकवली होती आणि कोणाला आली नव्हती. या खेळात दुसऱ्या फेरीला मुलं एकमेकांच्या गाठी ओढून बघायला लागतात.

सहलीसाठी दूर जाऊ नका, खाडी तुमच्या दारात आहे. पण आधी माझी फजिती ऐका. पथकाच्या दुसऱ्याच वर्षी मी ३० मुलांना घेऊन कोपरीच्या बाजूला खाडीवर गेले. आठवडाभर सांगत होते : चिखलात चालणारा निवटी मासा बघायचा, एकच नांगी मोठी असलेला खेकडा बघायचा, तिवरांची चिखलातून वर आलेली श्वासमुळं मोजायची. दुपारी तीनला पोचलो. समोर पाणी, पाणी आणि पाणी. तिवरांचे फक्त शेंडे दिसत होते. एका मुलाने विचारलं, ‘बाई, खेकडे सुट्टीवर गेले का?’ शेजारी जाळं नीट करत बसलेल्या कोळीणबाई हसत म्हणाल्या, ‘बाय, तिथ बघून नाय आलीस?’

मग त्यांनी हिशेब सांगितला, आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. त्या दिवशी चतुर्थी होती. चार गुणिले पाऊण, तीन. आम्ही बरोब्बर भरतीच्या मुहूर्तावर हजर झालो होतो! लहानपणी वडिलांनी माझ्याकडून पाऊणकी घोकून घेतली होती, तिचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग कळला तो तिथे, तोही पाण्याकडे बघत.

तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि हे गणित तिसरी-चौथीतल्या मुलांनाच करू द्या. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. पौर्णिमा आणि अमावस्या पंधरावी धरायची. भरती दिवसातून दोनदा येते आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. त्रयोदशीला तेरा गुणिले पाऊण, म्हणजे पावणेदहाला भरती आणि पावणेचारच्या सुमाराला ओहोटी. तुमच्या चारच्या वेळेला द्वादशी ते चतुर्दशीतला शनिवार जमेल. हिशेब ढोबळ आहे. खाडीत आतपर्यंत पाणी यायला जरा जास्त वेळ लागतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहा. मुलांनी आपला आकडा आणि तक्त्यातला आकडा शेजारी शेजारी लिहावा. किती मिनिटांनी चुकलो यावर भांडणं होतात. होऊ द्या.

डिसेंबरनंतर गेलात तर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हमखास. त्यांच्यासाठीच ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, पण हे पालकांच्या चिठ्ठीत लिहा, मुलांना सांगत बसू नका. मुलांना तो पक्षी मान उलटी करून चोच चिखलात कशी घालतो ते करून बघायला लावा : एका पायावर उभं राहून, वाकून, डोकं उलटं करून जमिनीवरचा रुमाल उचलायचा. निम्मी पडतात. पिल्लं करडी असतात, गुलाबी रंग खाण्यातून येतो, हे सांगितलंत की ‘बीट खाल्लं तर मी गुलाबी होईन का?’ हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. तिवराच्या काही पानांवर उन्हात मिठाचे कण चमकतात. झाड जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. बोटाने पुसून बघू द्या, पण चाखू देऊ नका, खाडीचं पाणी तितकं स्वच्छ नाही.

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र यासाठी सोयीचं आहे. गट नेण्याची परवानगी आणि वेळ आधी ठरवून घ्या. सहा मुलांमागे एक मोठं माणूस, पालकांच्या सह्या, टोप्या, पाणी आणि चिखलात कोणीही उतरायचं नाही. यात सवलत नाही. निवटी काठावरूनही छान दिसतो.

आणि हो, जिल्ह्याच्या स्काउट-गाइड कार्यालयात बेसिक कोर्सची चौकशी करा. तिथे तुम्हाला कबसारखं वागवतात, आपण किती कंटाळवाणं बोलतो ते तेव्हा कळतं.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे मैदान बंद आणि हॉल भाड्याने दिलेला. जुलै-ऑगस्ट कबच्या बैठका रद्द कराव्यात का?
— एक कब मास्टर, नेरूळ

उत्तर : पावसाळ्यात पाऊस हाच कार्यक्रम. प्लॅस्टिकची सरळ अंगाची बाटली घ्या, वरचा भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाशी खडे टाका, खडे बुडून वर सपाट येईल एवढं पाणी घाला आणि तिथे शून्याची खूण करा. वर मिलिमीटरची कागदी पट्टी, तिच्यावर चिकटपट्टी. प्रत्येक सिक्सची बाटली वेगळ्या ठिकाणी : एक गच्चीत, एक झाडाखाली. आकडे जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत यावर अख्खी बैठक निघते. (झाडाखालचा गट फसवणूक झाली म्हणून रडतो. त्यांना गच्ची द्या.)

मग व्हरांड्याच्या भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटीमीटरवर खडूची रेघ मारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो एवढा. दुसरीतल्या मुलाला रेघेपाशी उभं केलं की ती छातीपर्यंत येते. त्या दिवशी आई-बाबा कुठे होते, घरी कसे पोचले, हे विचारून यायचं. त्यानंतरच्या शनिवारी तुम्हाला काही शिकवावं लागणार नाही, नुसतं ऐकायला बसा.

प्रश्न : जिंकणाऱ्या सिक्सला चॉकलेट द्यावं का?
— एक शिक्षक, ठाणे

उत्तर : नको. मी एकदा दिलं होतं. पुढच्या शनिवारी प्रार्थना व्हायच्या आधीच एकाने विचारलं, ‘आज कुठलं आणलंय?’ तेव्हापासून आमच्याकडे जिंकलेल्या सिक्सने पुढच्या वेळी कढई वाजवायची, हेच बक्षीस. कढईचा तळ पार चेपलाय. सून दोनदा भंगारात काढायला निघाली होती.